स्पितीला जायचे, पण कोणत्या महिन्यात?

वार्षिक परीक्षांच्या तारखा जाहीर झाल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. सुट्टी किती दिवसांची, आरक्षण मिळेल का, खर्च किती येईल, आजी-आजोबा बरोबर येणार का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की ठिकाण नक्की होते. महाबळेश्वर, उटी किंवा म्हैसूरला जायचे असेल तर ही पद्धत चालून जाते. तेथे गर्दी कमी-जास्त असेल, हवा थोडी वेगळी असेल, पण रस्ता वर्षभर असतो.

हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या बाबतीत मात्र असे करून चालत नाही. अलीकडे स्पितीचे फोटो घरोघरी मोबाइलवर पोहोचले आहेत. उघडे-बोडके रंगीत डोंगर, टेकडीवर रचून ठेवल्यासारखा दिसणारा मठ, निळेशार चंद्रताल सरोवर पाहून कोणालाही जावेसे वाटते. पण फोटोवर महिना लिहिलेला नसतो, आणि स्पितीत महिन्यालाच सर्वाधिक महत्त्व असते. जून महिन्यात जी खिंड ओलांडून गाड्या जातात, तीच खिंड एप्रिलमध्ये बर्फाखाली असते. ऑगस्टमध्ये स्पितीत ऊन पडलेले असते, पण तेथे नेणारा रस्ता दरडींमुळे बंद पडतो. म्हणून येथे आधी महिना पाहावा, त्यावरून वाट ठरवावी आणि मुक्काम सर्वांत शेवटी निवडावेत. हा क्रम उलटा झाला की मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबाला त्याचा त्रास होतो. हा त्रास पैशांचा असतो, त्याहूनही अधिक प्रकृतीचा असतो.

डोंगरापलीकडचा प्रदेश

स्पिती हा लाहौल-स्पिती जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग. तिबेटला लागून असलेला हा प्रदेश विस्ताराने मोठा, पण वस्ती अगदी विरळ. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या जेमतेम बारा हजारांच्या घरात होती. काझा हे येथील मुख्य गाव सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तुलनेसाठी सांगायचे तर महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे काझाच्या बाजारात भाजी घेणारा माणूस कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर उभा असतो.

पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवरच रिते होतात आणि स्पितीपर्यंत त्यांचे फारसे काही पोहोचत नाही. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडत असताना त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव कोरडे राहते, तोच हा प्रकार, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे स्पितीत झाडे विरळ. जे पाणी मिळते ते वितळणाऱ्या बर्फाचे. हिवाळ्यात बर्फ चांगले पडले तर उन्हाळ्यात शेतातल्या पाटांना पाणी येते, आणि वर्षातून एकदाच येणारे जव व हिरव्या वाटाण्याचे पीक हाती लागते. प्रवाशाला जे बर्फ अडथळा वाटते, तेच गावकऱ्यांच्या दृष्टीने पुढच्या वर्षाची शिदोरी असते.

दोन वाटा, दोन स्वभाव

स्पितीला जायचे रस्ते दोन. एक सिमल्याहून किन्नौरमार्गे आणि दुसरा मनालीहून कुंझुम खिंडीतून. नकाशावर पाहिले तर मनालीचा रस्ता सोपा वाटतो. मनाली ते काझा अंतर सुमारे २०० किलोमीटर, तर सिमला ते काझा चारशेहून अधिक. साहजिकच कमी दिवसांची सुट्टी असणारे मनालीकडे वळतात.

परंतु अंतरापेक्षा चढाकडे पाहायला हवे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. पहाटे तेथून निघालेली गाडी त्याच दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडते आणि रात्री प्रवासी ३,६५० मीटरवरच्या काझात झोपतात. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. शिवाय ही खिंड साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये बंद होते. नेमकी तारीख दरवर्षी बर्फ ठरवते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हापासून मनालीहून लाहौलला जाणे सोपे झाले. त्यामुळे स्पितीही बारमाही झाली असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. बोगद्याने रोहतांगचा अडसर दूर केला. कुंझुम खिंड मात्र उघड्यावरच आहे आणि तिच्या अलीकडचा बराचसा रस्ता आजही दगडगोट्यांचा व ओढे ओलांडत जाणारा आहे.

सिमल्याचा रस्ता लांबचा, पण समजूतदार. नारकंडा, रामपूर, सराहन, कल्पा, नाको, ताबो असा तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. बर्फवृष्टी किंवा दरडीमुळे तो अधूनमधून बंद पडतो, तरी एरवी हिवाळ्यातही शक्यतो चालू ठेवला जातो. लहान मुले किंवा साठी ओलांडलेली माणसे बरोबर असतील तर जाताना हाच रस्ता घ्यावा. परतताना खिंड उघडी असेल तर मनालीमार्गे उतरायला हरकत नाही. तोपर्यंत शरीराला उंचीची सवय झालेली असते.

उंचीशी घाई नको

काझाच्या उंचीवर प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच असतो. कुंझुम खिंडीत तो निम्म्याहून थोडा अधिक इतका कमी होतो. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ऊन छान असते, हवा स्वच्छ असते, आणि तरुण मंडळींना तर गाडीतून उतरताच धावावेसे वाटते. त्रास सुरू होतो तो काही तासांनी, बहुधा रात्री.

डोके दुखणे, मळमळणे, भूक न लागणे, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती दिसली तर त्या दिवशी आणखी वर चढू नये. विश्रांती घ्यावी, पाणी पीत राहावे आणि बरे वाटेपर्यंत आहे तेथेच थांबावे. मात्र बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवू लागला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरणे आणि डॉक्टरांची मदत घेणे हाच उपाय. प्राणवायूच्या नळीने तात्पुरता आराम पडतो, पण ती उतरण्याला पर्याय नाही.

येथे स्पितीची एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. काझात सरकारी रुग्णालय आहे, परंतु तेथून झटकन खाली उतरता येत नाही. मनालीकडे जायचे तर आधी कुंझुम खिंड चढावी लागते. किन्नौरकडे जायचे तर कित्येक तास गाडी चालते तेव्हा कुठे सतलजच्या खोऱ्यात खरी कमी उंची येते. म्हणूनच वर जाताना घेतलेली काळजी हाच येथे खरा विमा.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. दिवसा उंच जाऊन रात्री खाली परतले तर चालते. लहान मुलांना डोके दुखते हे नीट सांगता येत नाही. ती चिडचिड करतात, जेवत नाहीत, खेळणे सोडून देतात. याला हट्ट समजू नये. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचे औषध दिले जाते, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती त्यांना आधी सांगावी. पहिले दोन-तीन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

आपल्या सुट्ट्या आणि तेथील ऋतू

मराठी कुटुंब मुंबई-पुण्यात असो, इंदूर-बडोद्यात असो की हैदराबाद-बंगळूरला, त्याचे प्रवास ठरतात शाळांच्या सुट्ट्यांवर. म्हणून एकेका सुट्टीत स्पितीत काय वाढून ठेवलेले असते ते पाहू.

एप्रिलअखेर ते मे : किन्नौरमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धात सफरचंदाच्या बागा पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतात. ताबो-काझापर्यंतचा सिमल्याचा रस्ता बहुधा चालू असतो. पण कुंझुम खिंड आणि चंद्रताल या दोन्ही गोष्टी मे महिन्याच्या यादीतून खोडून टाकाव्यात. ‘मे महिन्यात चंद्रताल दाखवतो’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर भिस्त ठेवून पैसे भरू नयेत. खिंड उघडण्याचे सांगता येते ते फक्त जवळ आल्यावर. मे महिन्यात जाणाऱ्यांनी किन्नौरला अधिक दिवस द्यावेत आणि त्याच रस्त्याने परतावे.

जून : शाळा सुरू होण्यापूर्वीचा जूनचा पहिला पंधरवडा अनेकांना सोयीचा. खिंड उघडली असेल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती दिसतात. शेतात पेरण्या होऊन हिरवे कोंब वर आलेले असतात. मात्र बर्फ वितळत असल्याने दुपारी ओढ्यांना पाणी चढते. म्हणून मनालीच्या रस्त्याने प्रवास करणाऱ्यांनी पहाटेच निघावे.

जुलै-ऑगस्ट : स्पितीत हवा उत्तम, दिवसा साधा स्वेटरही पुरतो, शेते हिरवीगार. पण तेथे पोहोचण्यासाठी किन्नौर किंवा कुलूचे खोरे पार करावे लागते आणि तेथे याच दोन महिन्यांत पावसाने दरडी कोसळतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी किन्नौरमधील निगुलसारी येथे कोसळलेल्या दरडीखाली बस आणि इतर वाहने सापडून अनेकांचा बळी गेला. जुलै २०२३ मध्ये मुसळधार पाऊस आणि अवकाळी बर्फामुळे चंद्रतालजवळच्या तंबूंत दोनशेहून अधिक पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले होते. त्यांना रस्ता मोकळा करून बाहेर काढावे लागले. स्वातंत्र्यदिनाला जोडून येणाऱ्या चार दिवसांच्या सुट्टीत स्पिती ‘उरकून’ येण्याचा बेत म्हणूनच करू नये.

सप्टेंबर : जाणकारांना विचारले तर ते हाच महिना सांगतील. पाऊस ओसरतो, आकाश स्वच्छ होते, दोन्ही रस्ते सहसा चालू असतात, आणि किन्नौरच्या बागांतून लाल सफरचंदे उतरवण्याची लगबग असते. अडचण एकच. आपल्याकडे गणपती, पितृपक्ष आणि मुलांच्या चाचणी परीक्षा याच महिन्यात येतात. शाळेची मुले घरात नसलेल्या जोडप्यांनी किंवा निवृत्त मंडळींनी हा महिना साधावा.

ऑक्टोबर आणि दिवाळी : दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा उत्तरार्धात असेल तर सुट्टीचा हा काळ सुंदर. नदीकाठची झाडे पिवळी झालेली असतात आणि दूरवरचे स्वच्छ दिसते. पण रात्रीचे तापमान शून्याखाली जाते, चंद्रतालचे तंबू उठतात आणि खिंडीचा भरवसा उरत नाही. दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर फक्त सिमल्याचा रस्ता धरावा, नाहीतर कल्पा-सांगलापर्यंतच जाऊन यावे.

नाताळ ते मार्च : हिवाळ्यात काझात पारा उणे वीस अंशांच्याही खाली जातो. नळ गोठतात, स्वच्छतागृहात वाहते पाणी नसते, आणि घरातली सारी माणसे शेगडी असलेल्या एकाच खोलीत वावरतात. किब्बर परिसरात हिमबिबट्या पाहण्यासाठी या दिवसांत हौशी मंडळी जातात. पण ती सर्व तयारीनिशी, अनुभवी स्थानिक माणसांबरोबर. बर्फात खेळण्याची मुलांची हौस नारकंड्यातही भागते. त्यासाठी स्पितीचा हिवाळा अंगावर घेऊ नये.

येथील लोकांनी आपले व्यवहार ऋतूंप्रमाणेच बांधून घेतले आहेत. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक बहुतेक देशात १९५२ च्या सुरुवातीला झाली. किन्नौरमध्ये मात्र बर्फ पडण्यापूर्वी, ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान उरकण्यात आले. त्यामुळेच कल्प्याचे शाळामास्तर श्याम सरन नेगी हे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. बर्फासाठी देशाच्या निवडणुकीचे वेळापत्रक बदलले गेले, तेथे सहलीचे का बदलू नये?

बारा दिवसांचा सोपा कार्यक्रम

कुटुंबासाठी घरापासून घरापर्यंत चौदा-पंधरा दिवस हाताशी असावेत. त्यांतले बारा दिवस डोंगरात जातात. पहिल्या दिवशी चंदीगड किंवा कालकाहून सिमला. कालका-सिमला ही १९०३ साली सुरू झालेली छोटी रेल्वे २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वेळ असेल तर मुलांना तिनेच न्यावे. दुसऱ्या दिवशी नारकंडा-रामपूरमार्गे सराहन. तेथील भीमाकाली मंदिराचे दगड आणि लाकूड यांचे आलटून-पालटून थर रचलेले बांधकाम पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या दिवशी कल्पा, सुमारे २,९०० मीटर. चौथा दिवसही कल्प्यातच घालवावा. समोर किन्नर कैलासाची रांग, भोवती सफरचंदाच्या बागा, आणि शरीराला मिळणारी सवड, असा तिहेरी लाभ होतो.

पाचव्या दिवशी सकाळी लवकर निघून ताबो गाठावे. वाटेत खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. पुढे लागणाऱ्या नाको गावात छोटे तळे व जुने मठ आहेत. अनेक जण नाकोलाच मुक्काम करतात. पण नाको साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि ताबो त्याहून खाली, सुमारे ३,२८० मीटरवर. म्हणून नाको पाहून ताबोला झोपणे शरीराला अधिक मानवते.

सहावा दिवस ताबोसाठी राखावा. येथील मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून पाहिले तर मातीच्या साध्या ठेंगण्या इमारती. आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावले की भिंतीभर चित्रे आणि मूर्ती दिसू लागतात. ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला येथे एक फरक जाणवेल. अजिंठ्याची लेणी कातळात कोरलेली आहेत, तर हे सारे कच्च्या मातीने हजार वर्षे सांभाळले आहे. पाऊस जवळजवळ नाही म्हणूनच ते शक्य झाले. आत छायाचित्रे घेऊ नयेत, भिंतींना हात लावू नये.

सातव्या दिवशी धनकरमार्गे काझा. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. कड्याच्या टोकावरचा तेथील मठ खाली झालेल्या स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर नजर ठेवून आहे. आठवा दिवस ‘की’ मठ आणि किब्बर. नववा दिवस लांग्झा, हिक्किम आणि कोमिक. ही गावे ४,४०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असल्याने येथे मुक्काम न करता संध्याकाळी काझाला परतावे. हिक्किमचे टपाल कार्यालय जगातील अतिउंच टपाल कार्यालयांत गणले जाते. मुलांनी तेथून आपल्याच घरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. लांग्झाच्या परिसरात शंखासारखी वेटोळी असलेले दगड सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्यातील जिवांचे हे अवशेष. आपल्याकडे देव्हाऱ्यात पूजले जाणारे गंडकीचे शाळिग्रामही याच जातीचे. हे दगड पाहावेत, मुलांना दाखवावेत, पण उचलू नयेत आणि कोणी विकायला आणले तरी घेऊ नयेत. नेण्यास मनाई आहे, आणि नेत राहिले तर पुढच्यांना पाहायला काही उरणार नाही.

दहावा दिवस राखीव. सर्वांची प्रकृती ठीक असेल तर पिन खोऱ्यात जाऊन यावे. अकराव्या-बाराव्या दिवशी खिंड उघडी असल्यास मनालीमार्गे परत. आल्या रस्त्याने परतायचे झाल्यास पिन खोरे सोडून दहाव्या दिवशीच निघावे. कोणत्याही वाटेने आलात तरी परतीचे रेल्वे किंवा विमानाचे तिकीट एक-दोन दिवस सोडून काढावे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. तारखा तशा बेताने धराव्यात.

पाहुण्यासारखे राहावे

स्पितीत मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती मुक्कामाची सोय चांगली. गावातली कुटुंबे आपल्या घरातल्या खोल्या देतात. जाड मातीच्या भिंती, सपाट छपरावर रचलेले सरपण आणि मधल्या खोलीत शेगडी अशी ही घरे उबदार असतात. ‘जुले’ या एका शब्दात नमस्कार, निरोप आणि आभार सारे येते. मुलांनी तो शिकून घ्यावा. जेवणात थुकपा म्हणजे शेवया-भाज्यांचे गरम सूप, मोमो, डाळ-भात, भाजी-पोळी मिळते. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र वाटतो, पण थंडीत बरा पडतो.

अनेक घरांत कोरडे शौचालय असते. वरच्या खोलीत भोक, खाली मातीची खोली, आणि वापरल्यावर वरून माती किंवा राख टाकायची. त्याचे पुढे शेतासाठी खत होते. शहरी मुले प्रथम नाक मुरडतील. पण ज्या प्रदेशात पाणी हे वितळलेल्या बर्फावर अवलंबून आहे, तेथे बादलीभर पाणी ओतणे ही चैन आहे, हे त्यांना समजावून सांगावे. रोज अंघोळीचा आग्रह धरू नये, गरम पाणी एक बादलीच मागावे. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी घरून बाटल्या न्याव्यात आणि उकळलेले पाणी भरून घ्यावे. वेफर्सची रिकामी पाकिटे आपल्याबरोबर परत आणावीत.

चंद्रताल २००५ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. सरोवराच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई असून मुक्कामाचे तंबू काही अंतरावर असतात. तेथील उंची काझाहून बरीच अधिक आहे. म्हणून मनालीहून थेट येऊन पहिलीच रात्र तेथे काढू नये.

बरोबर काय असावे

कपडे एकच जाड न घेता थरांचे घ्यावेत. आत सुती किंवा थर्मल, वर स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. कानटोपी, हातमोजे, दोन-तीन जोड लोकरी मोजे आणि मळलेले, म्हणजे पायात रुळलेले बूट. नवे बूट प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नयेत. ऊन फार प्रखर असते. गॉगल, टोपी, त्वचेला लावायचे सनस्क्रीन आणि ओठांसाठी मलम सर्वांनाच हवे, लहान मुलांनाही.

औषधांत नेहमीच्या गोळ्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक न्याव्यात. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या, ओआरएसची पाकिटे, तापाचे औषध, मलमपट्टी बरोबर असावी. सुका मेवा, चिक्की, लाडू, खाकरा यांचा डबा दरडीपाशी तीन तास गाडी थांबली म्हणजे उपयोगी पडतो.

पैसे रोख न्यावेत. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असे नाही, आणि नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देणेही थांबते. खेड्यांत मोबाइल लागेलच असे धरून चालू नये. घरच्यांना ‘दोन दिवस फोन आला नाही तरी काळजी करू नका’ असे आधीच सांगून ठेवावे. काझात पेट्रोल पंप आहे. खिंडीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी तेथेच टाकी भरावी. स्वतःची गाडी नेण्यापेक्षा डोंगरात गाडी चालवण्याची सवय असलेला स्थानिक चालक घेणे कुटुंबासाठी शहाणपणाचे. रात्रीचा प्रवास करू नये. हिमाचल परिवहनच्या बसही रिकाँग पिओ ते काझा धावतात. तरुणांना त्या स्वस्त पडतात.

भारतीय नागरिकांनी प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशात राहणारी मुले-नातवंडे परदेशी पासपोर्टवर बरोबर येणार असतील, तर किन्नौर-स्पितीच्या सीमाभागातून जाण्यासाठी त्यांना परवाना लागतो. तो रिकाँग पिओ किंवा काझा येथील सरकारी कार्यालयातून मिळतो. त्यासाठी कामकाजाचा अर्धा दिवस धरून ठेवावा. सुट्टीच्या दिवशी तेथे पोहोचू नये.

आणि बेत फसला तर?

सर्व काळजी घेऊनही कधी खिंड उघडत नाही, कधी दरड कोसळते, कधी आजोबांना ताबोलाच थकवा जाणवतो. अशा वेळी ‘इतके पैसे खर्च केले, आता काझा पाहिलेच पाहिजे’ हा हट्ट घातक ठरतो. निघण्यापूर्वीच घरात सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवावी. बरोबरच्यांपैकी एकालाही त्रास झाला तर त्याच्यासाठी सारे थांबतील, आणि गरज पडली तर सारे उतरतील. हे आधी ठरलेले असले की आजारी माणसाला आपल्यामुळे सर्वांची सहल बिघडली असे वाटत नाही आणि तो दुखणे लपवत नाही. उंचीवर दुखणे लपवण्याइतके धोक्याचे काही नाही.

कल्प्याला चार दिवस राहून परतलेल्या कुटुंबानेही हिमालय पाहिलेलाच असतो. स्पिती पुढच्या सप्टेंबरातही तेथेच असेल. तोवर मुले थोडी मोठी होतील, आणि नकाशावर बोट ठेवून या खेपेला कोणत्या महिन्यात जायचे ते तीच सांगतील.